नवा डिरेलर बसवला आणि वरचे दोन गिअर गायब – ८-स्पीड एमटीबी, नाशिककरांचा सल्ला हवा

अंजनेरी_चढ

नमस्कार मंडळी,

सायकल २७.५ इंची चाकांची हार्डटेल एमटीबी (माउंटन बाईक), पुढे तीन आणि मागे आठ चकत्या. शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) शिमानो आल्टस एम३१०, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) एचजी३१, ११-३२ दात्यांची. फ्रेम ॲल्युमिनियमची, मागे क्विक रिलीज.

अंजनेरीच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर उतरताना सायकल उजव्या कुशीवर आपटली. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) स्पोकमध्ये ओढला गेला आणि त्याचा पिंजरा वाकला. शहरातल्या एका दुकानात नवा बसवून घेतला. 'हाही शिमानोच, उलट आधीच्यापेक्षा वरचा आहे' असं सांगितलं गेलं. मागच्या बाजूला आरडी-एम६००० असं लिहिलेलं आहे.

आता अवस्था अशी. सगळ्यात लहान चकतीवर चेन नीट बसते. पहिलं क्लिक दिलं की चढू का नको करत घरघरते. दुसऱ्या क्लिकला दुसऱ्या चकतीवर जाते, पण तिसरीला घासत राहते. सगळी क्लिकं संपली तरी चेन सहावीवरच, वरच्या मोठ्या दोन चकत्या मिळतच नाहीत. एल स्क्रू (मोठ्या चकतीकडची हद्द ठरवणारा) पूर्ण सैल करून पाहिला. केबल ताणली तर वर थोडं सुधारतं, पण मग सगळ्यात लहान चकती जाते.

दुकानात परत गेलो तर म्हणाले शिफ्टर गेलाय. शिफ्टर बदलायचा तर कॅसेट आणि चेनही बदला. सगळं मिळून आकडा सायकलच्या निम्म्या किमतीवर जातोय. शिफ्टर खरंच गेला असेल का? पाऊस लागायच्या आत सायकल रस्त्यावर यायला हवी.

त्र्यंबकरोड

आधी केबल आणि आउटर (तिच्यावरचं आवरण) बघा. पडल्यावर आउटर मागच्या टोकाला दबतं आणि आत केबल अडकते. डिरेलरचा आणि शिफ्टरच्या खालच्या नंबराचा फोटो टाका.

जुनी_चेन

फोटोची गरज नाही, दोन्ही नंबर वर आलेत. शिफ्टरला हात लावू नका, तो गेलेला नाही.

एम६००० हा डिओरेचा १०-स्पीडचा एमटीबी डिरेलर. तुमचा शिफ्टर ८-स्पीडचा. दोन्हींवर शिमानो लिहिलेलं असलं तरी या दोघांचं माप जुळत नाही. कसं ते सविस्तर लिहितो, कारण नाशिकमध्ये ही गडबड वारंवार बघतोय.

शिफ्टरचं एक क्लिक म्हणजे ठरावीक लांबीची केबल ओढली जाणं. शिमानोच्या ८-स्पीडमध्ये ही ओढ सुमारे २.८ मिमी. डिरेलरचं काम त्या ओढीवर आडवं सरकण्याचं. ७, ८ आणि ९-स्पीडच्या एमटीबी डिरेलरमध्ये केबल १ मिमी ओढली की तो साधारण १.७ मिमी सरकतो. २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६. आणि ८-स्पीड कॅसेटमध्ये एका चकतीच्या मध्यापासून पुढच्या चकतीच्या मध्यापर्यंत ४.८ मिमी. जमलं.

१०-स्पीड एमटीबीला मात्र शिमानोने हे प्रमाण बदललं. २०१०च्या सुमारास डायना-सिस हे त्यांचं तंत्र आलं, तेव्हा १.७चं सुमारे १.२ झालं. हेतू चांगला होता: शिफ्टरने जास्त केबल ओढायची आणि डिरेलरने कमी सरकायचं, म्हणजे चिखलाने किंवा गंजाने केबल अर्धा मिलिमीटर अडकली तरी गिअर भरकटत नाही. पण त्यामुळे जुन्या शिफ्टरशी जोडी तुटली.

तुमच्याकडे २.८ गुणिले १.२, म्हणजे एका क्लिकला ३.३६ मिमी. हवेत ४.८. सात क्लिकांत हवेत ३३.६, मिळतात साडेतेवीस. साडेतेवीस मिलिमीटरमध्ये चेन जेमतेम पाच चकत्या वर चढते, म्हणजे खालून मोजलं तर सहावी. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय. शिफ्टर बिघडला असता तर कुठल्या तरी एका क्लिकला तो घसरला असता, सगळ्या क्लिकांना इतका सारखा कमी पडला नसता.

खात्री करायची असेल तर घरीच करता येते. शिफ्टर सगळ्यात लहान चकतीच्या जागी आणा. डिरेलरवरचा केबल धरणारा बोल्ट सैल करून केबल मोकळी करा. आउटर जिथे संपतं तिथून चार बोटं पुढे केबलवर सेलोटेपचा लहानसा तुकडा गुंडाळा. केबल पकडीने हलकी ताणून धरा आणि दुसऱ्याला सातही क्लिकं द्यायला सांगा. सेलोटेप आउटरकडे किती सरकली ते पोलादी पट्टीने मोजा. १९ ते २० मिमी भरलं तर शिफ्टर ठणठणीत आहे.

अंजनेरी_चढ

काका, आत्ताच मोजलं. बायकोने क्लिकं दिली, मी पट्टी धरली. साडेएकोणीसच्या आसपास आलं, दोनदा करून पाहिलं. म्हणजे शिफ्टर बरोबर आणि डिरेलर चुकीचा. खूप खूप आभार, एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं.

गोदाकाठ

जुनी_चेन काका, पण दुकानातल्या माणसाला हे कसं माहीत नसतं? रोज तेच काम करतात ना.

जुनी_चेन

ताई, त्याचं एक कारण मला असं दिसतं. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रॅम (अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत) पूर्ण केली, त्यानंतर आपल्या शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वारं जोरात आलं. त्याचा मला अभिमानच आहे. पण त्यामुळे मेकॅनिकांचा हात रोडबाईकवर बसला. आणि रोडबाईकमध्ये शिमानोचे ७ ते १०-स्पीडचे बहुतेक डिरेलर त्याच जुन्या १.७च्या प्रमाणावर आहेत, थोडे अपवाद सोडले तर. तिथे ८च्या शिफ्टरला १०चा डिरेलर लावला तरी गिअर पडतात. तीच सवय एमटीबीला लावली की हे असं होतं. माणसं लबाड नसतात, त्यांनी दुसरं काही पाहिलेलं नसतं. म्हणून आपण नंबर वाचून जायचं आणि 'नऊपर्यंतचाच डिरेलर द्या' असं स्पष्ट मागायचं.

देवळाली_कॅम्प

माझं मत वेगळं आहे. एम६००० हा क्लच असलेला उत्तम डिरेलर आहे, तो काढून टाकणं जिवावर येतं. त्याच्याभोवती १०-स्पीड का करू नये? १०चा एमटीबी शिफ्टर, १०ची कॅसेट, १०ची चेन. ८, ९ आणि १०ची कॅसेट एकाच एचजी फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट धरणारा भाग) बसते, चाक बदलावं लागत नाही. ११-४२ कॅसेट टाकली तर ब्रह्मगिरीच्या बाजूचे चढ बसून निघतात. क्लचमुळे उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही ते वेगळंच.

जुनी_चेन

तांत्रिकदृष्ट्या तुमचं अगदी बरोबर आहे. ज्याला खर्च करायचाच आहे त्याने तेच करावं. फक्त डिरेलरच्या पिंजऱ्याची लांबी तपासा. मोठी चकती किती दात्यांची चालते आणि एकूण क्षमता किती, हे मॉडेलनुसार बदलतं. क्षमता काढायची पद्धत सोपी आहे: पुढची मोठी वजा पुढची लहान, अधिक मागची मोठी वजा मागची लहान. पुढे ४२-३४-२४ आणि मागे ११-३२ असेल तर १८ अधिक २१, म्हणजे ३९. डिरेलरची क्षमता निदान एवढी तरी हवी, नाहीतर लहान-लहान गिअरवर चेन लोंबते किंवा मोठ्या-मोठ्यावर इतकी ताणते की पिंजरा तुटतो.

पण अंजनेरी_चढ यांना मी ८वरच राहा म्हणेन. ८ची चेन त्र्यंबक, घोटी, इगतपुरी कुठेही साध्या सायकल दुकानात मिळते. तिची बाहेरची रुंदी सव्वासात मिलिमीटरच्या आत-बाहेर, १०ची सहाच्या थोडी आत. जाड चेन चिखलात जास्त टिकते आणि जोडायलाही सोपी. त्र्यंबक पट्ट्यात पावसाळाभर सायकल चालवायची असेल तर जिच्याविषयी कुठेही विचारणा करता येते ती वस्तू बरी, असं माझं पक्कं मत आहे.

आल्टस एम३१० किंवा एसेरा एम३६० घ्या, दोन्हींना मोठी चकती ३४पर्यंत चालते. किंवा ९-स्पीडचा आल्टस एम२००० घ्या, तो ३६पर्यंत जातो आणि ८च्या शिफ्टरशी तंतोतंत जुळतो. डिरेलरवर ९ लिहिलंय म्हणून घाबरू नका. किती गिअर हे शिफ्टर ठरवतो, डिरेलरला आकडे मोजता येत नाहीत.

एक सूचना. सध्या बाजारात शिमानोचं क्यूज (गिअरच्या भागांची मालिका) आलंय, २०२३ पासून. दुकानदार तेही 'नवीन ९-स्पीड' म्हणून पुढे करतील. त्याचं लिंकग्लाइड तंत्र वेगळं आहे, केबलची ओढही वेगळी आणि चकत्यांमधलं अंतरही वेगळं. ते घ्यायचं तर सगळंच त्यातलं घ्यायचं, जुन्यात मिसळायचं नाही.

पाथर्डी_फाटा

+१. ८-स्पीडला माझंही मत. देवळालीकरांचा एम६००० मला चालेल, माझी १०चीच आहे. अंजनेरी_चढ, विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोदाकाठ

धाग्यात थोडं घुसते. मुलाच्या सायकलला मागे ७ गिअर आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला मित्रांबरोबर जातो, त्याला चढाला हलका गिअर हवाय. वर म्हटलंय ७, ८, ९चा डिरेलर एकच. मग फक्त ९ची कॅसेट आणि शिफ्टर टाकला तर चालेल का?

जुनी_चेन

ताई, आधी बघा की ती कॅसेट आहे की फ्रीव्हील. ७-स्पीडच्या बऱ्याच सायकलींना फ्रीव्हील असतं आणि तिथेच गाडी अडते.

ओळखायचं असं. मागचं चाक काढा, चकत्यांची बाजू तुमच्याकडे करा. मध्यभागी एक खाचाखाचांची गोल जागा दिसेल, पाना बसवायची. आता चकत्या हाताने उलट्या फिरवा. ती खाचांची जागा चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चकत्या फिरतात आणि ती जागा जागच्या जागी राहते, तर फ्रीव्हील.

फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं आणि पायडल मारून मारून आणखी घट्ट होतं. कॅसेट हबच्या खोबणींवर सरकून बसते आणि वरून एका रिंगने धरली जाते. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट कधीच बसणार नाही.

फ्रीव्हीलमधली खरी अडचण वेगळी. उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आतल्या बाजूला राहतात. त्यांच्यापासून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा भाग बिनआधाराचा असतो. जितक्या जास्त चकत्या, तितका तो भाग लांब. दगडावरून दणके बसले की एक्सल वाकतो, नंतर तुटतो. फ्रीहबमध्ये छर्रे थेट टोकाजवळ जातात, म्हणून तो खडतर रस्त्याला टिकतो. ९ चकत्यांचं फ्रीव्हीलही बाजारात मिळतं, पण कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या मुलासाठी मी ते अजिबात घेणार नाही.

गोदाकाठ

पाहिलं. खाचांची जागा फिरत नाही, म्हणजे फ्रीव्हीलच. मग काय करू?

जुनी_चेन

दोन मार्ग. स्वस्तातला म्हणजे सात चकत्यांचंच, पण १४-३४ फ्रीव्हील. सध्याचं १४-२८ असेल तर ३४ने चढ बराच हलका होईल. शिफ्टर तोच राहील. चेन मात्र लांब घ्यावी लागेल आणि डिरेलरला ३४ चालतो का ते नंबरावरून बघा. फ्रीव्हील काढायला एफआर-१.३ या जातीचा पाना लागतो. तो बाकावरच्या वाइसमध्ये धरा, चाक त्यावर पालथं ठेवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवा, घड्याळाच्या उलट. एवढी मोठी तरफ दुसऱ्या कशाने मिळत नाही.

दुसरा मार्ग फ्रीहबचं मागचं चाक घेणं. त्यावर ८ किंवा ९ काहीही बसेल. ७ची कॅसेटच ठेवायची असेल तर ८-९च्या फ्रीहबवर मागे साडेचार मिमीचा वायसर टाकावा लागतो. मुलगा वाढत्या वयाचा असेल तर सध्या पहिलाच मार्ग धरा. दोन वर्षांनी सायकलच बदलेल.

अंजनेरी_चढ

परत आलो. एका ओळखीच्यांकडून आल्टस एम२००० मिळाला, लावला. आठही गिअर मिळाले! पण पूर्ण समाधान नाही. खालून वर जाताना चौथ्या-पाचव्याला टिकटिक करतो. केबल एक पाव फेरा ताणली की वरचे गिअर छान आणि खालचे घासतात, सैल केली की उलट. चढावर जोर दिला की चेन आपोआप उडी मारते. आउटरही नवीन टाकलंय.

लेथवाला_अंबड

हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलाय. पडल्यावर डिरेलर स्पोकमध्ये गेला म्हणता, तर हँगर सरळ राहिला असेल अशी शक्यता फारच कमी. मी तर म्हणतो पडल्यावर पहिल्यांदा तेच बघायला हवं होतं, डिरेलर नंतर.

सरळ करायचं खास हत्यार असतं. ते नसेल तर ही पद्धत वापरा, मी कायम हीच करतो. शिमानोच्या कोन-छर्रेवाल्या मागच्या हबचा क्विक रिलीजचा एक्सल १० मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) आट्यांचा असतो. हँगरमधले आटेही एम१०, पिच १. म्हणजे एक दुसऱ्यात जातो.

डिरेलर उतरवा. स्वतःचं मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट बसलेलं असू द्या. मित्राच्या सायकलचं मागचं चाक घ्या, क्विक रिलीजची कांडी काढा आणि कॅसेट नसलेल्या बाजूचं एक्सलचं टोक बाहेरून हँगरमध्ये हाताने फिरवा. दोन-तीन आटे पकडले की पुरे. पाना लावू नका, आटे हातानेच जायला हवेत. आता दोन चाकं शेजारी उभी राहतील. दोन्ही रिमांमधलं अंतर वर, खाली, पुढे आणि मागे अशा चार ठिकाणी मोजा. दोन-तीन मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर हँगर वाकलाय, आणि कुठल्या बाजूला तेही तिथेच दिसतं.

सरळ करायचं तर तेच बाहेरचं चाक धरून हळूहळू विरुद्ध बाजूला दाबा, सोडा, मोजा. एका झटक्यात नाही. ॲल्युमिनियम एकदा वाकून परत येतं, पण वारंवार वाकवलं की चीर पडते.

अंजनेरी_चढ

शेजारच्या मुलाचं चाक आणून केलं. वर आणि खाली मिळून बोटभर फरक, खालच्या बाजूला चाक आत झुकलेलं. हळूहळू दाबून बराच जुळवला. पण आता बोल्टच्या वरच्या बाजूला केसासारखी बारीक रेघ दिसतेय. नखाला लागते.

लेथवाला_अंबड

नखाला लागते म्हणजे चीरच. तो हँगर आता वापरू नका. चढावर तुटला तर डिरेलर परत स्पोकमध्ये जाईल, आणि या वेळी चाकही जाईल.

त्र्यंबकरोड

हँगर मिळणं हीच मोठी डोकेदुखी आहे. प्रत्येक फ्रेमचा वेगळा. माझा महिनाभर मिळत नव्हता. २०१९ मध्ये स्रामने यूडीएच म्हणून एकच सगळ्यांचा हँगर काढला, पण आपल्या जुन्या क्विक रिलीजच्या फ्रेमला त्याचा काही उपयोग नाही.

लेथवाला_अंबड

अंबड-सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींच्या शहरात राहून हँगरसाठी महिनाभर थांबायची गरज नाही. व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) असलेलं कुठलंही छोटं वर्कशॉप हे अर्ध्या दिवसात करेल. फक्त सांगताना काही गोष्टी ठामपणे सांगा.

धातू ॲल्युमिनियम ६०६१. वर्कशॉपवाले प्रेमाने म्हणतील, 'पोलादाचा करून देतो, आयुष्यभर वाकणार नाही.' नको म्हणा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हँगर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. दणका बसला की त्याने वाकायचं, म्हणजे फ्रेमचा कान वाचतो. पोलादाचा हँगर वाकणार नाही, मग फ्रेम वाकेल, आणि फ्रेमला औषध नाही.

आट्यांबद्दल तर हातात चिठ्ठी लिहूनच द्या: एम१० गुणिले १, ड्रिल ९ मिमी. आपल्याकडे एम१० म्हटलं की सवयीने साडेआठचं ड्रिल आणि दीडच्या पिचचा टॅप लागतो. तो मारला गेला की डिरेलरचा बोल्ट एक फेरा जाऊन अडकेल, आणि जोर केलात तर बोल्टचेही आटे जातील. डिरेलर बसवून बघितल्याशिवाय वर्कशॉपमधून निघू नका.

आणि जुना वाकलेला हँगर जसाच्या तसा स्कॅन करून कॉपी करू नका, वाक पण कॉपी होईल. फ्रेमला टेकणारा सपाट भाग प्रमाण धरून माप घ्या. बी स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती लांब राहील ते ठरवणारा) ज्या लहान पायरीवर टेकतो तिचा कोन नीट घ्या. ती पायरी चुकली तर वरची जॉकी चाकी (डिरेलरमधली चेन फिरवणारी चाकी) कॅसेटपासून खूप लांब राहते किंवा तिला घासते.

माझ्याकडे पाठवा, मी माप घेतो.

पाथर्डी_फाटा

तोवर माझा एक प्रश्न, ब्रेकचा. हायड्रॉलिक डिस्क, टेक्ट्रोचे. सर्व्हिसिंगला दिली होती, ऑइल कमी होतं म्हणून त्यांनी भरून दिलं. सुरुवातीला छान, आता लिव्हर दाबला की हळूहळू परत येतो आणि पॅड डिस्कला घासत राहतात. डिस्क वाकलीय का?

देवळाली_कॅम्प

कोणतं ऑइल भरलं ते विचारा, आजच्या आज. टेक्ट्रो आणि शिमानोला मिनरल ऑइल लागतं. गाडीच्या ब्रेकचं डॉट ३ किंवा डॉट ४ त्यात घातलं की आतले रबरी सील फुगतात. पिस्टन मग परत सरकत नाही, तुम्ही सांगताय तसंच. उलट स्रामचे बरेच ब्रेक डॉटवर चालतात, त्यात मिनरल घातलं तरी सील खराब. सगळ्यांना एकच ऑइल असं समजून भरणं फार धोक्याचं आहे. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर बहुधा लिहिलेलं असतं, ते वाचा.

पाथर्डी_फाटा

विचारलं. डॉट ४ भरलं म्हणाले.

देवळाली_कॅम्प

मग ती सायकल उतारावर नेऊ नका. नुसतं ब्लीड करून (जुनं ऑइल काढून नवं भरून) भागणार नाही, सीलमध्ये ते मुरलेलं असतं. टेक्ट्रोच्या या वर्गातल्या ब्रेकचा लिव्हर-कॅलिपरचा पूर्ण सेट बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग. डिस्क तीच चालेल. डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलं असेल तर मेटल पॅड लावू नका, ती मऊ पोलादाची असते आणि झरझर झिजते. नवे पॅड घेताना जुना पॅड खिशात घेऊन जा आणि काउंटरवर एकावर एक ठेवून आकार बघा. नावावर जाऊ नका.

आणि ब्रेक बसवल्यावर चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर कापड टाका. ब्रेक किंचाळतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पॅडला चेनचं तेल लागलेलं असतं.

त्र्यंबकरोड

केबलबद्दल एक राहिलं, सुरक्षेचं आहे म्हणून लिहितो. गिअरचं आउटर ४ मिमी, आत तारा लांबीने सरळ धावतात, म्हणून ते दबत नाही आणि गिअर अचूक पडतो. ब्रेकचं ५ मिमी, आत पट्टी गुंडाळलेली. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं तर गिअर नीट पडणार नाहीत, एवढंच. पण गिअरचं आउटर केबलच्या ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबला की तारा फाकून ते फुटतं, आणि ते नेमकं उतारावर फुटतं.

जुनी_चेन

अतिशय महत्त्वाचं. याला माझंही अनुमोदन.

पावसाळ्याआधी सगळ्यांनी चेनही मोजून घ्या. पोलादी पट्टीची शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा. चेन नवी असेल तर बारा इंचावर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. ती पिन एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर चेनबरोबर कॅसेटही गेली, नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारेल. अंजनेरी-त्र्यंबकची तांबडी माती तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. चेन वेळेवर बदलली तर एक कॅसेट दोन-तीन चेन खाते. आणि राइडनंतर मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरने सायकल धुऊ नका, पाणी हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये घुसून ग्रीस धुऊन जातं. बादली, ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

गोदाकाठ

मुलाच्या सायकलला १४-३४ फ्रीव्हील बसलं, चेनही नवी. वाइसची पद्धत वापरली, पहिल्याच झटक्यात सुटलं. तो गंगापूर धरणापर्यंत जाऊन आला, खूश आहे. पण बसवताना दुकानातल्या मुलाने डावं पायडलही काढून ग्रीस लावलं आणि परत लावताना ते जातच नव्हतं. नेहमीच्या दिशेने फिरवत होता.

जुनी_चेन

डाव्या पायडलला उलटे आटे असतात, ताई. घट्ट करायचं ते घड्याळाच्या उलट. आपल्या एमटीबीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये मात्र उलटे आटे उजव्या कपाला असतात. आटे तिरके गेले नाहीत ना, एवढं पाहून घ्या. पायडल क्रँकला काटकोनात दिसायला हवं आणि शेवटपर्यंत हाताने जायला हवं.

गोदाकाठ

हो, सरळ गेलंय. मी हाताने फिरवून पाहिलं.

अंजनेरी_चढ

लेथवाला_अंबड यांनी हँगर करून दिला. पैसे घ्यायलाच तयार नव्हते, आग्रहाने धातूचे तरी दिले. डिरेलर तिथेच बसवून पाहिला, आटे हाताने सरसर गेले. चाक लावून चारही बाजूंनी मोजलं, फरक जवळजवळ नाहीच.

मग क्रमाने केलं: एच स्क्रूने लहान चकतीची रेघ जुळवली, केबल धरली, एल स्क्रूने मोठीची हद्द बांधली, बी स्क्रूने वरची जॉकी चाकी मोठ्या चकतीपासून थोडी लांब ठेवली, शेवटी बॅरलने (केबल ताणायच्या फिरकीने) बारीक ताण. आठही गिअर वर-खाली पडतात. पुढची मोठी आणि मागची मोठी ही जोडी वगळता कुठेच आवाज नाही. शिफ्टर, कॅसेट, चेन सगळं जुनंच आहे. चेन मोजली, तीही अजून हद्दीत आहे. एम६००० पाथर्डीला गेला.

ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

त्र्यंबकरोड

लेथवाला भाऊ, माझ्या फ्रेमचा पण एक जादा करून ठेवायचाय. काय काय पाठवू?

लेथवाला_अंबड

हँगरच पाठवा, फोटोवर होत नाही. त्याला धरणारे दोन्ही बोल्ट सोबत द्या, त्यांच्या डोक्याचा उतार मोजावा लागतो. एकाऐवजी दोन करून घ्या, मशीन लावायला तेवढाच वेळ जातो. एक बॅगेत ठेवा आणि त्याच पिशवीत ५ची ॲलन की टाका.